क्रचफील्डच्या दारावरची हिरवी फीत

इतिहास कोणालाही सोडत नाही. राजा असो, सावकार असो, साधा कोळी असो, आज ना उद्या तो प्रत्येकाला हाताला धरून आपल्या पंगतीत बसवतो. वेन्डेल क्रचफील्डला मात्र त्यानं एकतीस वर्षं साफ सोडलं होतं. आणि ही एकतीस वर्षं वेन्डेलनं मिसिसिपी नदीकाठच्या कॅलोवे गावात काढली होती, जिथं इतिहासाखेरीज दुसरं कुठलंही पीक आता धड येत नाही.

वेन्डेल पाणीखात्यात होता. घरोघरचे मीटर वाचायचा. गावातली एकूण एक ऐतिहासिक घरं त्याला तोंडपाठ होती, पण ती मागून आणि खालून. आठ पांढऱ्या खांबांचा प्रुइटांचा वाडा म्हणजे त्याच्या लेखी 'उत्तरेचं कुंपण, अझेलियाचं तिसरं झुडूप, झाकण जरा अडकतं'. ओहायोतून आलेली माणसं तिकीट काढून पुढच्या दारानं आत जायची आणि माना वर करून झुंबरं बघायची. त्या वेळी वेन्डेल झुडपात गुडघे टेकून मीटरवर विजेरी मारत असायचा. त्याबद्दल त्याच्या मनात कडवटपणा नव्हता. आकडा लिहून झाल्यावरही तो कधीकधी मिनिटभर तसाच गुडघ्यांवर बसून त्या खांबांकडे बघत राहायचा. देवळात माणूस बघतो तसा. मग आतून कोणीतरी कुत्रा सोडायचं.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो बायकोला म्हणाला, "मर्लीन, आपलं घर यात्रेत घालू या."

यात्रा म्हणजे वसंतयात्रा. मार्चमध्ये अझेलिया फुलला की गाव आपली जुनी घरं उघडतं, बायका पणजीच्या मापाचे घेरदार झगे पाठीमागून टाचण्या लावून घालतात, आणि वारसा समिती एक पत्रक काढते. त्यात घरांची नावं, आणि खाली 'मुक्काम आणि भोजन' असा भाग. ज्याचं नाव पत्रकात, तो कॅलोवेचा. बाकीचे नुसते तिथं राहतात.

"आपल्या घरात आहे काय दाखवायला?" मर्लीन म्हणाली.

"दाखवायला नको. एक खोली भाड्यानं द्यायची. सकाळी न्याहारी. पत्रकात एक ओळ येईल."

मर्लीननं नवऱ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत त्यानं स्वतःसाठी मागितलेली ही दुसरी गोष्ट होती. पहिली मर्लीन.

"आईचं काय करायचं?" तिनं विचारलं, म्हणजे ती तयार झाली.

मर्लीनची आई, मिस यूला (तिकडे लग्न झालेल्या म्हाताऱ्यांनाही आदरानं मिसच म्हणतात), वय वर्षं एक्क्याण्णव, वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांना गावाचा सगळा इतिहास माहीत होता. अडचण नेमकी तीच होती. प्रुइटांच्या वाड्यात यादवी युद्धाच्या वेळी एक जनरल राहून गेला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. तो दारू पिऊन पडला होता आणि घोडा सापडत नव्हता म्हणून राहिला, हे मिस यूलांनी एकदा चर्चबाहेर चाळीस पर्यटकांच्या बसला उभं करून सांगितलं होतं.

वारसा समितीच्या अध्यक्ष मिस ऑगस्टा प्रुइट. अध्यक्षपद बावीस वर्षं त्यांच्याकडे होतं, आणि त्याआधी त्यांच्या आईकडे. त्यांचा आवाज कधी चढत नसे. नायगाऱ्याला कुठे ओरडावं लागतं? वेन्डेल अर्ज घेऊन गेला तेव्हा सवयीनं मागच्या दाराशी गेला, आणि स्वयंपाकीणबाईनं त्याला वळसा घालून पुढे पाठवलं.

"घर कोणत्या सालचं?" ऑगस्टाबाईंनी विचारलं.

"अठराशे एक्कावन्न, मॅम."

"म्हणजे नवंच." त्यांनी तसं लिहून घेतलं. "बांधलं कोणी?"

"डॉक्टर लेमुएल स्टोक्स. दातांचे डॉक्टर होते."

"हं. आणि घडलं काय त्या घरात?"

"कधी, मॅम?"

"कधीही."

वेन्डेलनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "त्र्याऐंशी साली बॉयलर फुटला होता."

ऑगस्टाबाईंनी 'ऐतिहासिक महत्त्व' या रकान्यात काहीतरी लिहिलं. ते बॉयलरपेक्षा बरंच आखूड होतं.

त्यानंतर गावाला सल्ले देण्याचा झटका आला. समोरच्या हॅटी लू स्परलॉक रस्ता ओलांडून आल्या आणि कठड्याला टेकून म्हणाल्या, "वेन्डेल राजा, भूत आहे का घरात?"

"नाही, मॅम."

"मग लोक कशाला येतील? आमच्या चुलतबहिणीकडे भूत आहे, तिच्याकडे ऑक्टोबरपर्यंत खोली मिळत नाही. जिन्यावरून उतरतं म्हणे, पांढऱ्या कपड्यात."

"जिन्यावरून आमच्याकडे फक्त सासूबाई उतरतात."

"बघ बाबा. सुरुवात म्हणून वाईट नाही."

शेजारचे आयझाया बीमन जरा वेगळं बोलले. ते निवृत्त गवंडी, गावातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे कारभारी. गावातली अर्धी धुराडी त्यांनी उतरवून पुन्हा चढवली होती, त्यामुळे त्यांनाही ही घरं ठाऊक होती, पण तीही आतून नव्हे, वरून. वेन्डेल आणि ते कुंपणापाशी उभे राहिले की गावाच्या वास्तूंचं जवळजवळ संपूर्ण ज्ञान एका जागी गोळा व्हायचं. मध्ये फक्त दिवाणखाना तेवढा राहायचा.

"वेन्डेल, सोडून दे," आयझाया म्हणाले. "पत्रकात ते तुला एक ओळ देतील आणि बदल्यात तुझा प्रत्येक शनिवार घेतील."

"एक ओळ पुरे मला."

"ते दिसतंच आहे," आयझाया म्हणाले, आणि पुन्हा टोमॅटोच्या रोपांकडे वळले.

मग खिडक्यांच्या झडपांचा विषय निघाला. समितीच्या मते त्या 'चार्ल्स्टनी हिरव्या' रंगाच्या असायला हव्या होत्या. हा रंग करायची रीत अशी: बादलीभर काळा रंग घ्यायचा आणि त्यात चमचाभर हिरवा टाकायचा. टाकल्यावर तो कुठे गेला हे शोधायचं नाही. वेन्डेलनं पहिल्यांदा झडपा रंगवल्या त्या समितीला 'फारच हिरव्या' वाटल्या. दुसऱ्यांदा 'अजूनही जराशा हिरव्याच'. तिसऱ्या बैठकीला त्यानं सरळ अंगणातलं लोखंडी फाटक रंगवायच्या काळ्या रंगाच्या डब्यातून एक पट्टी रंगवून नेली. ती चष्म्यांवरून चष्म्यांकडे फिरली आणि ऑगस्टाबाई म्हणाल्या, "आता कसं. हा खरा हिरवा." चौदा फेब्रुवारीला तसा ठराव झाला. सही, शिक्का, तीन प्रती.

आणि नियमावलीच्या चौदाव्या कलमात पुढे लिहिलं होतं, की दारावर मॅग्नोलियाच्या पानांचं चक्र असावं आणि त्याला झडपांच्याच रंगाची रुंद फीत असावी.

शेवटची अट अशी, की गावाशी काही नातं नसलेल्या एका तटस्थ पाहुण्यानं एक रात्र राहून, जेवूनखाऊन, समितीचा कागद भरून द्यायचा. पाहुणीही समितीनंच नेमली: मिनेसोटाच्या मिसेस टॉर्गरसन, निवृत्त ग्रंथपाल, ज्यांनी पत्रकासाठी पत्र पाठवण्याची चूक केली होती. त्या शुक्रवारी तीन वाजता येणार होत्या. शनिवारी दुपारी पत्रक छपाईला जाणार होतं. शुक्रवार बिघडला, की वेन्डेलची ओळ थेट पुढच्या वर्षावर, आणि पुढच्या वर्षापर्यंत समिती आणखी काय रंगवायला लावेल याचा नेम नव्हता.

मिस यूलाशी तह झाला. दोन आठवड्यांपूर्वी त्यांचा पाय मुरगळला होता आणि चर्चचे दोन रविवार बुडालेच होते. आता आणखी एक दिवस त्यांनी वर राहायचं, पडदे ओढून घ्यायचे आणि पाहुणीशी इतिहास बोलायचा नाही. मोबदला, रेडिओ आणि चॉकलेटची एक पेटी. गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर येऊन पाय बघून गेले. त्यांची गाडी तासभर दारात होती, कारण मिस यूलांनी डॉक्टरांना त्यांच्याच आजोबांबद्दल काही माहिती दिली.

वेन्डेल झडपेची एक पट्टी उचकटून कापडाच्या दुकानात घेऊन गेला होता. काउंटरवरची बाई ती पट्टी बघून म्हणाली, "म्हणजे काळी फीत."

"चार्ल्स्टनी हिरवी."

बाईनं पट्टीकडे बघितलं, वेन्डेलकडे बघितलं आणि काळ्या गुंडाळीतून दोन वार फीत कापून दिली.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता वेन्डेलनं दारावर चक्र टांगलं. मॅग्नोलियाची चकचकीत पानं, त्याखाली ती रुंद फीत, दोन्ही टोकं सरळ लोंबणारी. मग तो मागे मागे सरकत रस्त्यापर्यंत गेला आणि त्यानं वर बघितलं. सत्तावीस वर्षं तो या घरात राहत होता, पण समोरून असं त्यानं ते कधी बघितलंच नव्हतं. विटांवर ऊन आलं होतं. दार उंच दिसत होतं. हे आपलं दार, या विचारानं त्याला भरून आलं. त्यानं नकळत डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरून तो तसाच मान खाली घालून उभा राहिला.

समोरच्या खिडकीतून हॅटी लू स्परलॉक हे बघत होत्या.

कॅलोवेतल्या बाईला ह्याहून जास्त पुरावा लागत नाही. दोन रविवार म्हातारी चर्चला नाही. काल संध्याकाळी डॉक्टरांची गाडी. वरच्या खोलीचे पडदे बंद. आज दारावर चक्र, चक्राला मयताच्या घरी बांधतात तशी काळी फीत, आणि जावई टोपी काढून उभा. हॅटी लूंनी टेलिफोन उचलला. इथं टेलिफोनवर अशी बातमी कोणी सांगत नाही, ते अशिष्ट समजतात. "तुमच्याकडे मोठं काचेचं भांडं असेल ना?" एवढंच विचारतात. पलीकडची बाई "अरे देवा, कोण?" असं म्हणत नाही. ती ओव्हन पेटवते. आधी जेवण पोहोचवायचं, मग हळूहळू कळतंच.

साडेनऊला हॅटी लू स्वतः अख्खं हॅम घेऊन आल्या. लवंगा टोचलेलं, वर अननसाच्या चकत्या.

"वेन्डेल, राजा," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "शेवटी झालं म्हणायचं."

"झालं, मॅम. कित्येक महिने चाललं होतं. मी आणि मर्लीन अगदी टेकीला आलो होतो."

हॅटी लूंनी हे गिळलं. दुःखात माणूस काहीही बोलतो. "मर्लीन कशी आहे?"

"वर आहे. चादरी बदलतेय."

"आजच?"

"मग? तीन वाजता पाहुणी येणार, ती झोपेल कुठे?"

"त्या खोलीत?"

"नाही हो, शेजारच्या. पण मी म्हणतो, हे जर नीट जमलं तर पुढे तीही खोली भाड्यानं द्यायला काढावी. ऊन छान येतं तिथं."

हॅटी लूंनी त्याच्या दंडावर हात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि घरी जाऊन तिघींना आणखी टेलिफोन केले. वेन्डेलच्या डोक्यावर परिणाम झालाय, भांडी मोठी घ्या.

दहा ते एक या वेळात जे झालं ते वेन्डेल पुढे आयुष्यभर टोपी काढूनच सांगायचा. तळलेल्या कोंबडीचे तीन ताटभर ढीग. मसाला भरलेली उकडलेली अंडी, खास अंड्यांसाठी खळगे असलेल्या ताटलीत, प्रत्येकी चोवीस, चार घरांतून. चिकन आणि भाताचं वर चीज वितळलेलं भांडं. हिरव्या शेंगांचं. रताळ्याचं. मक्याच्या कण्यांचं. बटाट्याचं सॅलड, मोहरी घातलेलं बॅप्टिस्टांकडून आणि न घातलेलं मेथडिस्टांकडून. प्रत्येक बाई पुढच्या दारानं आत यायची, त्याचा हात हातात घ्यायची, "काही लागलं तर सांगा" म्हणायची आणि जास्त न बोलता जायची. ज्यांच्या झुडपांत त्यानं एकतीस वर्षं गुडघे टेकले, त्या सगळ्या. ज्या बाईनं कुत्रा सोडला होता तीसुद्धा. तिनं पेकन हा सुकामेवा भरलेली गोड पाई आणली होती.

एक खोली भाड्यानं द्यायची, एवढ्याशा गोष्टीला गाव असं धावून यावं, हे वेन्डेलला झेपेना. तो स्वयंपाकघरात भांड्यांमध्ये उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. आपण या लोकांना ओळखलंच नाही, असं त्याला वाटलं. आणि ते बरोबरच होतं.

दीड वाजता मर्लीन वरची इस्त्री संपवून, रेडिओच्या आवाजातून सुटून, खाली आली. दारात थबकली. तिनं टेबलाकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, फ्रिजवर ठेवलेल्या अंड्यांकडे बघितलं. मग एक भांडं उचलून उलटं करून बघितलं. बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव.

"वेन्डेल," ती म्हणाली, "कोण गेलं?"

"कुठे गेलं?"

"भांड्याला नावाची पट्टी आहे. म्हणजे भांडं परत न्यायला आपण घरी असणार, पण विचारायच्या स्थितीत नसणार, असं धरून आणलंय. आणि हे हॅम. जिवंत माणसाला शुक्रवारी सकाळी कोणी हॅम आणून देत नाही. हे मयताचं जेवण आहे. कोण गेलं?"

"गावानं आपल्याला शुभेच्छा—"

मर्लीन तोवर पुढच्या दाराशी पोहोचली होती. तिनं दार उघडून फितीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही काळी आहे."

"हिरवी आहे. ठराव आहे माझ्याकडे."

"आई," मर्लीन हळूच म्हणाली. "त्यांना वाटतंय, आई गेली."

वेन्डेल जिन्याच्या पायरीवर बसला. म्हणजे त्या हातात हात घेण्यात तो नव्हताच. दंड थोपटला, तोही म्हातारीसाठी. एवढं सगळं प्रेम त्याच्या दारातून आत आलं, आणि त्यातली कोंबडीची एक तंगडीसुद्धा त्याच्या नावची नव्हती.

"फीत काढून टाकतो," तो म्हणाला.

"आणि हे सगळं?" मर्लीननं स्वयंपाकघराकडे हात केला. "परत नेऊन देणार? 'माफ करा, आई जिवंत आहे, हे घ्या तुमचं हॅम'? या गावात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही आपल्याला."

हा पेच कोणत्याही नियमावलीत नव्हता. दोघं स्वयंपाकघरात त्यावर विचार करत असतानाच दारात टॅक्सी थांबली. तीनला येणार म्हणून सांगितलेल्या मिसेस टॉर्गरसन दोनलाच आल्या होत्या. उत्तरेकडची माणसं अशी बेभरवशाची.

बाई उंच, शांत, हातात एकच पिशवी. दिवाणखान्यात पाऊल टाकलं तर तिथं सहा बायका आणि दोन नवरे काळ्या कपड्यांत ओळीनं बसलेले. दुपारची भेटायला येणारी मंडळी, तेवढ्यात उघड्या पुढच्या दारानं आत येऊन बसलेली. सगळे उठून उभे राहिले. एकीनं पाहुणीच्या हातात बर्फ घातलेला गोड चहा दिला, दुसरीनं ताटली दिली, तिसरीनं ती भरली. कोणीही ओळख विचारली नाही. लांबून आलेली नातेवाईक असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मिसेस टॉर्गरसननी रताळ्याचा एक घास घेतला आणि काटा खाली ठेवला. पुन्हा उचलला. "तुम्ही पाहुणा आला की नेहमी असं करता?" त्यांनी शेजारी बसलेल्या हॅटी लूंना विचारलं.

"जमेल तितकं करतो, बाई," हॅटी लू डोळे टिपत म्हणाल्या. "प्रत्येकावर ही वेळ येते."

"आमच्या मिनेसोटात फार तर कॉफी विचारतात." आणि त्या इतक्या भारावून खोलीकडे बघू लागल्या, की वेन्डेलला खरं सांगण्याचा धीरच होईना.

तेवढ्यात आयझाया बीमन आणि त्यांची बायको पर्लीन आले. पर्लीनबाईंच्या हातात कॅरामल केक होता. त्यांचा कॅरामल केक वर्षातून दोनदा होतो आणि त्यासाठी माणूस मोठं असावं लागतं. तो टेबलावर आला तशी बॅप्टिस्टांनी आणि मेथडिस्टांनीही आपापली भांडी जरा बाजूला सरकवली.

पाहुणीनं घराबद्दल विचारलं. वेन्डेलनं समितीनं मंजूर केलेलं कार्ड खिशातून काढलं आणि वाचलं, "हे घर अठराशे एक्कावन्न साली डॉक्टर लेमुएल स्टोक्स यांनी बांधलं."

"डॉक्टरांनी विटेला हात लावला नाही," आयझाया म्हणाले. आवाजात काही नव्हतं. गवंडी दुसऱ्या गवंड्याबद्दल बोलतो तसे ते बोलले. "चौऱ्याण्णव साली या शेकोटीचं धुराडं मी दुरुस्त केलं. वेन्डेल, ती लाकडांची टोपली जरा सरकव."

वेन्डेलनं गुडघे टेकून टोपली सरकवली. आयझाया गुडघ्यावर बसले, रुमालानं खालच्या थरातली एक वीट पुसली आणि वेन्डेलनं सवयीनं खिशातून काढलेली विजेरी घेऊन तिरकी धरली. विटेत तीन खळगे होते. बोटांचे. ओली वीट साच्यातून काढून उन्हात ठेवताना उमटलेले.

मिसेस टॉर्गरसन खाली वाकल्या. त्यांनी आपलं बोट एका खळग्यात घालून बघितलं. गेलं नाही. करंगळीही जेमतेम टेकली.

"मूल होतं," त्या म्हणाल्या.

"सात-आठ वर्षांचं. विटा थापायला मुलंच असायची."

"नाव?"

"डॉक्टरांचं आहे कार्डावर," आयझाया म्हणाले.

वेन्डेल गुडघ्यांवरच होता. घरांच्या पायाशी गुडघे टेकून वर बघण्याची त्याला आयुष्यभराची सवय, पण जे बघायचं ते खालीच होतं, त्याच्या स्वतःच्या टोपलीमागे, सत्तावीस वर्षं. तीन बोटं. नखाची कडसुद्धा दिसत होती.

"हे पत्रकात नाही का?" पाहुणीनं विचारलं.

या प्रश्नावर मागे वळून बघावं तर दारात मिस ऑगस्टा प्रुइट उभ्या. कधी आल्या कोणास ठाऊक. त्यांच्या हातात टोमॅटोच्या जेलीचा घुमटाकार गोळा होता, लालबुंद, थाळीत सुटा. 'ऐतिहासिक महत्त्व' हा रकाना त्यांनी ज्या हातानं भरला होता त्याच हातात. खोलीत तेवढा गोळाच काय तो हलत होता.

आणि मग जिन्यावर काठी वाजली.

मिस यूला पांढऱ्या झग्यात, एकेक पायरी मोजत, खाली उतरल्या. चॉकलेट संपलं होतं आणि कॅरामलचा वास वरपर्यंत गेला होता. खालच्या पायरीवर थांबून त्यांनी काळ्या कपड्यांतल्या मंडळींवरून नजर फिरवली. कोणीही किंचाळलं नाही. कॅलोवेत मेलेलं माणूस जेवायला आलं, तर आधी त्याला खुर्ची देतात.

"मिस यूला," हॅटी लू म्हणाल्या, "बऱ्या दिसताय."

"कोण गेलं?" मिस यूलांनी विचारलं.

त्या टेबलापाशी गेल्या, भांड्यांची पाहणी केली, हॅमला काठीनं टोचून बघितलं. मग त्यांना काहीतरी उमगलं असावं, कारण त्यांचा चेहरा उजळला. "पर्लीननं कॅरामल केला. हॅटी लूचं हॅम. आणि ऑगस्टा, तू जेली. एक्क्याण्णव वर्षांना जेली."

ऑगस्टाबाईंनी थाळी खाली ठेवली आणि त्या वेन्डेलकडे वळल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "वेन्डेल, दारावर काळी फीत कोणी लावली?"

हा क्षण वेन्डेलच्या ओळीचा शेवट होता. मर्लीननं डोळे मिटले. वेन्डेलनं खिशात हात घातला आणि ठराव काढला. एकतीस वर्षं आकडे जसे दिसतात तसे वाचून दाखवण्याची त्याला सवय होती.

"मॅम, ती हिरवी आहे. चौदा फेब्रुवारी. खाली आपली सही आहे."

आयझाया दाराकडे बघत म्हणाले, "मी तर काळीच म्हटली असती."

"आम्ही सगळ्यांनीच काळी म्हटली," हॅटी लू म्हणाल्या. "म्हणून तर ओव्हन—" आणि त्या थांबल्या.

फीत काळी म्हणावी, तर झडपा काळ्या. झडपा काळ्या म्हणाव्यात, तर बावीस वर्षांत पत्रकातल्या सगळ्या घरांना, प्रुइटांच्या वाड्यासकट, मयताचा रंग लागलेला. खोलीतला प्रत्येक जण ऑगस्टाबाईंकडे बघत होता, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी त्याच रंगाच्या झडपा होत्या.

"हिरवीच आहे," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल."

"मग ही जेली कशाबद्दल?" मिस यूलांनी विचारलं.

"पाहुणीच्या स्वागताला."

"माझं हॅमही," हॅटी लू लगेच म्हणाल्या. आणि मग एकेक करत सगळ्यांनीच, अंडी, शेंगा, मोहरीचं आणि बिनमोहरीचं, पाहुणीला अर्पण केलं. खोलीत सुटकेचा असा काही सुस्कारा आला, की पडदे हलले.

"आमचा केक यूलाबाईंसाठीच होता," पर्लीनबाई म्हणाल्या. "आहेच." त्यांनी पहिला तुकडा कापून म्हातारीला दिला. मिस यूलांनी तो बसून खाल्ला, आणि आपल्यासाठी कोणी किती लोणी घातलं हे जिवंतपणी चाखायला मिळालेली गावातली ती पहिलीच बाई असल्यामुळे, कोणालाही घाई केली नाही.

रात्र सरायची वाटही न बघता मिसेस टॉर्गरसननी संध्याकाळीच समितीचा कागद भरला. 'भोजन' या सदरात जागा पुरली नाही म्हणून कडेनं लिहिलं. मग त्यांनी लेखणी ऑगस्टाबाईंना दिली आणि 'महत्त्व' या रकान्यावर बोट ठेवलं.

"लहानग्या कारागिराच्या बोटांचे ठसे," ऑगस्टाबाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"कारागीर संध्याकाळी घरी जातो, मॅम," आयझाया म्हणाले.

दुसऱ्या कुठल्याही शुक्रवारी हे वाक्य तिथंच विरून गेलं असतं. पण त्या दिवशी दारावर ती फीत होती, ती हिरवी असल्याचं सगळ्यांनी नुकतंच मान्य केलं होतं, आणि त्यातले दोन तरी पर्लीनबाईंच्या बाजूला बसून केक खात होते. ऑगस्टाबाईंनी शब्द खोडला.

"तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

आयझायांनी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं.

पत्रक मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. चौथ्या पानावर, तळाशी: 'क्रचफील्ड यांचे घर, १८५१. एक खोली, न्याहारी. दिवाणखान्यातील विटेवर ती थापणाऱ्या गुलाम मुलाची बोटे आहेत. नाव ठाऊक नाही.' वेन्डेलनं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग आयझायांना कुंपणापाशी बोलावून वाचायला दिलं. आयझायांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि आणखी एक प्रत पर्लीनसाठी मागून घेतली. गावभर त्या आठवड्यात हेच चाललं होतं. जो तो आपापली ओळ शोधत होता, आणि सापडली की नातेवाइकांना पाठवायला म्हणून चार-पाच प्रती उचलत होता. वेन्डेलनं चौदा घेतल्या.

पत्रकाच्या दोनशे प्रती छापल्या होत्या. त्यांतल्या एकशे ब्याण्णव गावातल्याच लोकांनी नेल्या.